टाकीचं झाकण

पाना खाली ठेव, रोशनी.
आधी विचार.
कधी बंद पडते? सकाळी, थंड असताना,
की पारसिकची टेकडी चढून आल्यावर?
माणसं शब्दांत सांगत नाहीत,
तोंडाने आवाज काढून दाखवतात:
खर्र. टक् टक् टक्. फट्, मग गप्प.
त्यांना हसू नकोस.
काल ते बँकेतले साहेब भर रस्त्यात
घोड्यासारखे फुरफुरले
आणि मला कळलं, एक प्लग मारत नाहीये.

धूर बघ, पण त्याच्यावर लगेच विश्वास टाकू नकोस.
काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी.
बहुतेकदा एअर फिल्टर झटकला
की खडी मशीनची निम्मी धूळ आपल्या पायावर.
निळा आला तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या;
गिऱ्हाइकाला आधी खुर्ची दे, मग आकडा सांग.
पांढरा फसवा.
जानेवारीत पहाटे सगळ्याच गाड्या पांढरं सोडतात.
सायलेन्सरपाशी वाक, वास घे.
गोडसर आला तर कूलंट आत शिरतंय,
डोळे चुरचुरले तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय.
हे तुझ्या आयटीआयच्या पुस्तकात आहे.
नाही ते सांगतो.

सुगंधा नाखवांचा टेम्पो.
दिवाळे कोळीवाड्यातून बर्फात बोई, मांदेली भरून निघायचा
आणि एल.पी.च्या पुलाखाली बंद.
रोज. तिथेच.
त्यांचा भूपेश उतरायचा, चहा प्यायचा,
परत चावी फिरवली की चालू,
जसं काही झालंच नाही.

मी फिल्टर बदलला.
फीड पंप बदलला.
बोट सोलेपर्यंत हातपंप मारून लाइनमधली हवा काढली.
इंजेक्टर कळंबोलीला टेस्टिंगला पाठवले,
'ओके' अशी चिठ्ठी आली
आणि मला त्या चिठ्ठीचाच राग आला.
शेवटी हेड खोललं.
गॅस्केट चांगलं होतं.
तरी नवीन टाकलं. खोललंच आहे तर.
हे तीन शब्द ध्यानात ठेव,
या धंद्यातली किती बिलं
या तीन शब्दांवर उभी आहेत.

अकरा हजार चारशे.
नोटा ओल्या होत्या.
मी त्या बॉनेटवर वाळत घातल्या,
वर एक-एक नट ठेवून.

चौथ्या दिवशी फोन. एल.पी.चा पूल.
गेलो. काही सुचेना
म्हणून निदान डिझेल तरी आहे का बघावं,
झाकण फिरवलं.

फुस्स.

टाकीने श्वास घेतला.
सोडला नाही गं, घेतला.
झाकणाला सुईएवढं भोक असतं,
जेवढं डिझेल पुढे जाईल
तेवढी हवा मागून आत यायला.
त्यात खवलं अडकलं होतं. बोईचं.
वाळून काचेसारखं झालेलं.
गाडी पाव तास स्वतःच्याच पोकळीशी ओढाताण करायची,
दमायची;
भूपेशचा चहा संपेस्तोवर
कुठून तरी चिमूटभर हवा झिरपायची आत.
तारेचं टोक घातलं, काढलं. चावी. चालू.

"काय होतं?" भूपेशने विचारलं.
"वायर लूज होती," मी म्हणालो.

नऊ वर्षं झाली याला.
टेम्पो भंगारात गेला.
भूपेश उलव्याकडे डंपर चालवतो.
सुगंधाताई अजून गिऱ्हाईक पाठवतात,
"तुर्भे स्टोअरला जा, माणूस देवासारखा आहे."
त्यांच्या नावाने येईल त्याची मजुरी मी थोडी कमी लावतो.
अकरा हजार चारशे कधीच फिटले असतील.
मोजलेले नाहीत.
मोजले तर सांगावं लागेल.

चल, बघ आता ही गाडी.
नाही, बॉनेट नको.
मागे जा. झाकण हळू फिरव,
कान जवळ ने,
आणि जे ऐकू येईल
ते मला नको,
त्या बाहेर उभ्या माणसाला सांग.